खाडा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि त्यावर आईचा दुधाचा हिशोब. रोजचं एक लिटर ठरलेलं, त्यामुळे ते ती कधी लिहीत नसे. जादा घेतलं तर तारखेच्या कोपऱ्यात ‘अर्धा’, आणि दूध आलंच नाही तर ‘खा’. म्हणजे खाडा. महिनाअखेरीला गवळी उंबऱ्यावर टेकायचे. “वैनी, सतराला खाडा धरा. म्हशीनं लाथ घातली, चरवी सांडली.” आई म्हणायची, “धरलाय की.” कोऱ्या चौकोनाचा अर्थ दोघांनाही आधीपासून ठाऊक होता, म्हणून हिशोब कधी अडला नाही.

मी आकड्यांवर पोट भरतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत कोणत्या शिफ्टला किती कास्टिंग निघाली, त्यातली किती रिजेक्ट झाली आणि कशामुळे, ब्लोहोल की वाळू, हे मांडून दाखवणं माझं काम. नोकरीच्या सुरुवातीला एका आठवड्यात रात्रपाळीचं रिजेक्शन एकदम घटलेलं दिसलं आणि मी तसा अहवाल दिला. संध्याकाळी यार्डात गेलो तर रिजेक्ट मालाचा ढीग नेहमीएवढाच. तपासणारा माणूस तीन रात्री रजेवर होता, रकाना कोरा राहिला होता आणि माझ्या सूत्राने त्या कोऱ्याचं शून्य करून टाकलं होतं. ‘मोजलं, काही निघालं नाही’ आणि ‘मोजलंच नाही’ या दोन गोष्टी मी एकच धरल्या होत्या.

ही चूक माझ्या मनात घर करून बसली. पुढे जे छंद लागले, त्या सगळ्यांत मी तिच्याशीच झटापट करत आलो.

पहिला छंद पावसाचा. गच्चीवर साधं पर्जन्यमापक ठेवलं. फनेल, खाली बाटली आणि मिलिमीटरच्या खुणांची नळी. कठड्याच्या आडोशाने पाऊस कमी पडू नये म्हणून ते मधोमध. हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठला मोजतं आणि आधीच्या चोवीस तासांचं पाणी त्या सकाळच्या तारखेवर लिहितं, म्हणून मीही तसंच करतो. त्यामुळे काल संध्याकाळी झोडपून गेलेली सर आजच्या तारखेला लागते. घरच्यांना हे सुरुवातीला खटकायचं. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर पाणी, हे कळल्यावर आई गच्चीकडे आदराने बघू लागली. लिटरचा हिशोब तिच्या हाताखालचा.

कोल्हापुरात पाऊस मोजण्यात खरी गंमत जुलैत असेल, असं मला वाटलं होतं. निघाली जूनमध्ये. मृग कोरडा गेला असं लोक म्हणतात, पण कोरडा म्हणजे किती कोरडा? रोज सकाळी जिना चढायचा, नळी उजेडात धरायची, तळाला काहीच नाही हे बघायचं आणि वहीत ०.० लिहायचं. सलग आठ-नऊ दिवस असं शून्य लिहिलं की गगनबावड्याच्या बाजूला काळवंडलेलं आभाळ वेगळंच दिसू लागतं. त्यानंतर नळीत पहिले चार मिलिमीटर आले, तेव्हा मी ते ओतायच्या आधी आईला दाखवायला खाली घेऊन गेलो होतो.

जुलैत मात्र अख्खं गाव आकडे पाळतं. चहाच्या गाड्यावर, रिक्षात, देवळाच्या पायरीवर एकच प्रश्न, “राजाराम बंधाऱ्याला किती झालं?” ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरही सांगतं. पंचगंगेची पातळी मी उतरवून घ्यायला लागलो आणि माझा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागला. नदी असं कधी करत नाही. कारण सापडायला दोन दिवस लागले. ३९ फूट २ इंच मी ३९.२ लिहीत होतो आणि ३९ फूट ११ इंच ३९.११. संगणकाच्या लेखी दोन इंच अकरा इंचांवर चढले होते. सगळं इंचांत करून घेतल्यावर रेषा नदीसारखी झाली, फुगत आणि ओसरत जाणारी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ती रेषा ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आम्ही कामावर पोहोचू शकलो नाही. त्या दिवसांचं उत्पादन शून्य, हे खरं शून्य. पण रिजेक्शनचं प्रमाण? काहीच ओतलं नाही तर वाया किती गेलं, हा प्रश्नच उभा राहत नाही. ते रकाने मी कोरे ठेवले आणि शेजारी ‘पूर’ एवढंच लिहिलं.

पक्ष्यांकडे मी उशिरा वळलो. रविवारी पहाटे कळंब्याच्या तलावावर जातो. काठाला टिटवी आपल्याआधी जागी असते. पाण्यात टिबुकली बुडी मारते आणि भलत्याच जागी वर येते. पलीकडे हळदीकुंकू बदकं आणि काळेभोर वारकरी. या वारकऱ्यांच्या कपाळावर पांढरा टिळा असतो. हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याची नजर मला फार आवडते. सुरुवातीला मी फक्त नवलाचं लिहायचो. धोबी दिसला, खंड्या दिसला. कावळा, साळुंकी, गायबगळा कोण लिहितो?

मग ईबर्डवर नोंदी करायला लागलो. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी हे व्यासपीठ २००२ मध्ये सुरू केलं. यादी पाठवताना ते एक प्रश्न विचारतं : ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिले आहेत का? हा प्रश्न वाचून मला फाउंड्रीतला तो कोरा रकाना आठवला. ‘हो’ म्हटलं की यादीत जे नाही त्यालाही अर्थ येतो. शोधलं, पण आढळलं नाही. ‘नाही’ म्हटलं तर गैरहजेरीबद्दल काहीच बोलता येत नाही. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल याच तत्त्वावर उभा आहे. तीस हजारांवर निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींतून ९४२ जातींचा आढावा, आणि पक्षी वाढला की घटला याचा अंदाज शंभर पूर्ण याद्यांपैकी कितींत तो आला यावरून. कावळा लिहायचा कंटाळा करणाऱ्याची यादी तिथे उपयोगी पडत नाही.

त्यासोबत किती वेळ पाहिलं, किती चाललो, हेही लिहावं लागतं. एका वर्षी माझ्या याद्या लांबल्या आणि मी हरखून गेलो. नीट पाहिलं तर मी तलावावर अर्ध्या तासाऐवजी तास-सव्वा तास थांबू लागलो होतो. पक्षी तेवढेच होते, मी जास्त वेळ होतो. वाईट वाटायला हवं होतं. उलट तो जास्तीचा वेळ माझ्या हिशोबात जमा झाल्याचा आनंद झाला. हल्ली निघताना मी पाच मिनिटं उगाच उभा राहतो आणि काय दिसलं नाही ते मनात घोळवतो. आज वेडा राघू नाही. आज शेकाट्या नाहीत. नाही म्हणायचं तर नीट बघावंच लागतं, तारेवर, चिखलात, पाणवनस्पतींच्या कडेला. त्या बघण्यात कितीदा तरी ‘नाही’ म्हटलेला पक्षी हजर झाला आहे.

गेल्या पावसाळ्यात कामासाठी दोन आठवडे पुण्यात होतो. गच्चीची वही आईकडे सोपवली. नळी कशी धरायची, आकडा कुठल्या रेषेवर वाचायचा, सगळं दाखवलं. परत आलो आणि वही उघडली. काही तारखांपुढे तिच्या वळणदार अक्षरात १२, ७, ३१, आणि मधल्या चार तारखा कोऱ्या. माझ्या पोटात गोळा आला.

“आई, हे चार दिवस मोजलं नाहीस?”

“मोजलं की. पडलाच नाही, मग लिहायचं काय?”

मी पान उलटलं. तेवीस तारखेपुढे आकडा नव्हता, बारीक ‘खा’ होतं. त्या दिवशी तिचा गुडघा धरला होता, जिना चढवला नाही.

संगणकावर मी त्या चार तारखांपुढे ०.० भरलं आणि तेवीस कोरी ठेवली.