ठेवणीतला आणि रोजचा

नील आर्मस्ट्राँगचा चंद्रावरचा सूट वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये जपून ठेवलाय. त्याचे फोटो कितीदा तरी न्याहाळलेत. माझं मन मात्र रेंगाळतं ते त्याच्या राबत्या भावंडापाशी. अपोलोच्या मुख्य चमूतल्या प्रत्येकाच्या मापाचे तीन सूट शिवले जात : एक उड्डाणाचा, एक त्याला बदली आणि एक सरावाचा. एक ठेवणीतली पैठणी, एक रोजचं लुगडं, असाच हा हिशेब.

शिवणारे हात तेच. डेलावेअर राज्यातलं डोव्हर गाव आणि आयएलसी कंपनी. ‘प्लेटेक्स’ची अंतर्वस्त्रं करणाऱ्या घराण्यातलीच ही शाखा. तिथल्या बायका मशीनवर थरावर थर शिवत. शिलाई इंचाच्या चौसष्टाव्या भागाहून जास्त ढळता कामा नये! आत टाचणी विसरली तर हवा धरून ठेवणाऱ्या रबराला भोक पडायचं, म्हणून सूटचा एक्स-रे काढत. चंद्रमोहिमेच्या नावानं अग्निबाणाचंच कौतुक फार होतं. या बायकांचं त्या मानानं काहीच नाही.

आत हवा भरली की सूट ताठ होतो. कोपर वाकवायचं, मूठ वळायची, तर दर खेपेला त्या हवेशी झटापट. एप्रिल १९६९मध्ये ह्यूस्टनच्या एका बंद इमारतीत आर्मस्ट्राँग आणि त्याचा चंद्रावरचा जोडीदार ऑल्ड्रिन पूर्ण पोशाखात माती उचलायचा सराव करत होते. चंद्रावर ज्याला थोडाच वेळ मिळणार, अशा कामासाठी इथं पुन्हा पुन्हा वाकायचं. आणि पृथ्वीवर सूटचं वजन अंगावर पुरेपूर पडतं, त्यात सवलत नाही.

चुकाही इथंच होऊन जाव्यात, हे बरं. डिसेंबर १९६६मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात जिम लेब्लांक हा तंत्रज्ञ सूटची चाचणी देत असताना हवेची नळी निसटली. काही सेकंदांत तो कोसळला. शुद्ध हरपण्याआधी जिभेवरची लाळ बुडबुडताना जाणवली, एवढंच त्याला नंतर आठवत होतं. कक्षात तातडीनं हवा सोडली, तो वाचला.

एखाद्या संग्रहालयात सूटखालच्या पाटीवर ‘सरावासाठी’ असं लिहिलेलं दिसलं, तर पुढं सरकू नका. त्याचे गुडघे आणि कोपरं नीट बघा.