तालकटोऱ्याचे आठ सेकंद

दिल्लीतल्या मराठी माणसाला बाजीरावाची आठवण दोन ठिकाणी हमखास होते. एक कालकाजीच्या देवळापाशी आणि दुसरे तालकटोऱ्याला. १७३७ च्या मार्चअखेरीस मोगलांच्या फौजा आग्र्याच्या बाजूला त्याच्यासाठी सापळा लावून बसल्या होत्या आणि हा त्यांना बगल देऊन थेट दिल्लीच्या वेशीवर येऊन ठेपला! कालकादेवीपाशी मुक्काम केला, तालकटोऱ्याजवळ बादशहाच्या सैन्याला धूळ चारली आणि आला तसा निघून गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वे मराठी साहित्य संमेलन त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये भरले, तेव्हापासून आमच्या नोएडाच्या मंडळातल्या लोकांना या इतिहासाचे भरतेच आले आहे.

तर गेल्या गणेशोत्सवासाठी ठरले की, या स्वारीवर एक मिनिटाची फिल्म करायची. नट नाहीत, घोडे नाहीत, पैसा तर नाहीच. फोनवर एआयला मजकूर लिहून द्यायचा आणि त्याने चित्र हलवून दाखवायचे. या मजकुराला प्रॉम्प्ट म्हणतात. विंगेत उभे राहून नटाला वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर आपल्याला माहीत आहेच. फरक इतकाच की, इथल्या नटाने नाटक वाचलेलेच नसते.

आमच्या भाच्याने पहिला प्रॉम्प्ट लिहिला : ‘बाजीराव पेशव्यांची दिल्लीवर भव्य स्वारी.’ मिनिटाभरात आठ सेकंदांचे दृश्य तयार! हिऱ्यामोत्यांनी मढलेला एक राजपुत्र, मागे हत्तींच्या रांगा, चहूकडे आगीचे लोळ आणि त्या धुरात चक्क इंडिया गेट. इंडिया गेट १९३१ सालचे! भाचा खूश, आमचे हे पोट धरून हसताहेत. मी मात्र विचारात पडले. यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. ते असंख्य चित्रफिती आणि त्यांची वर्णने पाहून शिकलेले असते. दिल्ली म्हटले की, बहुधा काय दिसते, स्वारी म्हटले की, बहुधा काय पेटते, एवढाच त्याचा हिशेब. आपण जे सांगत नाही, ते सगळे तिथून भरले जाते. ‘भव्य’ या शब्दात तर काहीच सांगितलेले नसते. सिनेमावाल्यांची भव्यता त्यात आपोआप येऊन बसते.

मग मी वही-पेन घेऊन बसले. पेशवा हा शब्दच काढून टाकला आणि डोळ्यांना काय दिसायला हवे तेवढे लिहिले. दुपारचे ऊन. धुळीचे माळरान, तुरळक बाभळी. पाच-सहा घोडेस्वार, अंगात साधे सुती अंगरखे, डोक्याला घट्ट बांधलेली पागोटी, हातात भाले. घोडे लहान चणीचे. स्वार उजवीकडून डावीकडे दौडत जातात. कॅमेरा जमिनीलगत, एका जागी स्थिर. लांबवर शहराची दगडी तटबंदी. आवाज फक्त टापांचा. बस्स.

पाच-सहाच का, असे भाच्याने विचारलेच. कारण फौज मागितली की, मागच्या घोड्यांना पाचवा पाय फुटतो आणि माणसांचे चेहरे मेणासारखे वितळतात! थोडे स्वार आणि भरपूर धूळ, बाकीची फौज पाहणारा मनात जमवतो. एका तुकड्यात एकच क्रिया, हेही लवकरच कळले. स्वार थांबतो, उतरतो, पत्र उघडतो, हे सारे आठ सेकंदांत कोंबले की, घोडाच पत्र वाचायला लागतो. आणखी एक, मागच्या तुकड्यातला माणूस यंत्राच्या लक्षात राहत नाही. म्हणून नायकाचे वर्णन दर वेळी शब्दन्‌शब्द तेच ठेवायचे किंवा त्याचे एक स्थिर चित्र करून दर वेळी तेच पुढे करायचे. देवनागरी अक्षरांच्या भानगडीत तर पडूच नये. ती नंतर स्वतः बसवावीत.

खरे भांडण पेटले ते आगीवरून. कार्यवाहांना भाच्याची फिल्म फार आवडली होती. ‘‘वहिनी, दिल्ली पेटलेली दिसली की, टाळ्या पडतील बघा!’’ पण दिल्ली पेटलीच नव्हती. बाजीरावाने चिमाजीअप्पांना या स्वारीचे सविस्तर पत्र लिहिले आहे. शहर जाळण्या-लुटण्याचा विचार मनात आला होता, पण तो का सोडला, हे त्याने स्वतःच त्यात सांगितले आहे. ज्याने हाताशी आलेले शहर सोडले, त्याच्या नावावर आपण टाळ्यांसाठी जाळपोळ लावायची? आमची पोरे इथे दिल्लीच्या शाळांत शिकतात. मराठ्यांचा इतिहास २०२५ पर्यंत त्यांच्या पुस्तकात जेमतेम दोन पानांचा होता. पडद्यावर पाहिले तेच त्यांच्या डोक्यात कायमचे बसणार.

आग काढणेही सोपे नव्हते. ‘आग नको’ असे लिहिले की, हटकून एखादा कोपरा पेटायचाच, कारण आग हा शब्द तर वाक्यात आलाच! शेवटी नकार सोडून दिला आणि ‘स्वच्छ निळे आकाश, शाबूत तटबंदी, पाठमोरे होऊन परत निघालेले स्वार’ असे लिहिले. तेव्हा कुठे धूर गेला.

कार्यवाह दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘‘आग राहू दे, पण निदान तुतारी तरी वाजू द्या.’’ वाजवली. फिल्मच्या तळाशी ‘ही दृश्ये संगणकाने रचलेली आहेत’ अशी पट्टी टाकली. शेवटच्या दृश्यानंतर पडदा काळा केला आणि ते पत्र आमच्यातल्या एका आजोबांनी माइकवर वाचून दाखवले. त्या जुन्या भाषेतले निम्मे पोरांना कळले नसेल. तरी कार्यक्रम संपल्यावर सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि विचारू लागली, ‘‘काकू, कालकाजी म्हणजे आपलेच का? बॉटनिकल गार्डनहून मजेंटा लाइनने जातो ते?’’

तेच, म्हटले. रविवारी तिच्या आईला घेऊन आम्ही तिघी जाऊन आलो.