रिता पाळणा

घोडबंदर रस्त्यावरील चेणे गावी आमच्या बहिणीचे घर आहे. मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, जवळून खाडीकडे वाहणारी नदी. गेल्या पावसाळ्यात तेथे मुक्कामाला गेलो असता विवाहित भाची शांतपणे म्हणाली, "मामा, मला मूल नको. बाळंतपण बाईचे, रात्रीची जागरणे बाईची आणि नोकरीवर पाणी सोडायचे तेही बाईनेच. हे बदलत नाही तोवर माझा नकार." बहिणीने पदर डोळ्यांना लावला. आम्ही निरुत्तर झालो.

भाचीने दाखला दिला दक्षिण कोरियाचा. विवाह, अपत्य, प्रेमसंबंध आणि शरीरसंबंध या चारींना नकार देणाऱ्या स्त्रियांची चळवळ तेथे उभी राहिली. २०२३ साली त्या देशाचा जननदर स्त्रीमागे ०.७२ इतका उतरला. त्यामागे महाग घरे व कामाचे दीर्घ तास हीही कारणे आहेत. परंतु स्त्रियांचा रोषही त्यात आहे.

नकाराची ही भाषा आपल्याला परकी नाही. पारतंत्र्यात मुले जन्माला घालणे म्हणजे गुलामांची संख्या वाढवणे, असे गांधीजींनी १९२० साली लिहिले होते. १९३५च्या डिसेंबरात वर्ध्याला मार्गारेट सँगर त्यांना भेटल्या. गांधीजींना संततिनियमनाची साधने अमान्य होती. स्त्रीने पतीला 'नाही' म्हणायला शिकावे, हा त्यांचा उपाय. परंतु जिला स्वतःचे छप्पर नाही, तिने 'नाही' म्हणून जायचे कोठे? र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कार्यापायी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कॉलेजातील त्यांची प्राध्यापकी गेली. ते व मालतीबाई स्वेच्छेने निपुत्रिक राहिले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या वतीने मांडलेल्या भाषणात म्हटले होते, की प्रसूतिवेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्याला कोणीही तयार झाला नसता. तो ठराव फेटाळला गेला.

विवाहाने अपत्याला दार उघडे ठेवावे, ही आमच्या ख्रिस्तसभेची शिकवण. भाचीचा निर्णय तिच्याशी जुळत नाही आणि तो आम्हांला बोचतो. तथापि हीच ख्रिस्तसभा धर्मभगिनींच्या निरपत्य जीवनाला शतकानुशतके वंदन करीत आली आहे. स्त्रीचे मोल केवळ तिच्या कुशीवर ठरत नाही, हे आपण फार पूर्वीच मान्य केले आहे. मग घरातल्या लेकीचा प्रश्न ऐकताना आपण कान का झाकतो?

आमच्या आईने सात बाळंतपणे काढली, दोन लेकरे मातीआड केली. तुला किती हवी होती, असे तिला कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. बहीण सर्वांसाठी चहा करीत होती, भाची पाणी भरीत होती आणि आम्ही पुरुष अंथरुणात होतो. उठून आम्ही आपला कप आपणच विसळला. एवढ्याने पाळणा हलणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण भाचीला उपदेश करण्याचा अधिकार मिळवायचा, तर आरंभ तेथूनच करावा लागेल.