नायगावहून नायगावला

महाराष्ट्रात नायगावे अनेक. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली जिथे झाला, ते सातारा जिल्ह्यातले नायगाव सर्वांना ठाऊक आहे. आमचे नायगाव नांदेड जिल्ह्यातले, देगलूरच्या रस्त्यावरचे, काळ्या मातीचे. आणखी एक नायगाव वसईच्या खाडीकाठी आहे. आमची मावसबहीण तिथे राहते. गेल्या श्रावणात चार दिवसांची रजा टाकून आम्ही सहकुटुंब तिच्याकडे गेलो.

देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि दादरला विरारची लोकल धरली. भाईंदर सुटले की गाडी खाडीच्या पुलावर येते. मध्ये पाणजू बेट लागते आणि पलीकडे नायगाव. आजूबाजूला मिठागरे, खाजण आणि नव्या इमारती.

आमच्याकडे घराचा शत्रू धूळ. सकाळी झाडावे, दुपारी पुन्हा फुफाटा. उन्हाळ्यात सडा टाकला तर तासाभरात अंगण कोरडे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस. मुंबईच्या बाजूला दोन हजारांच्या वर. पावसाळ्यात तिथल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांपुढे जाते. तिथला शत्रू ओल. चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, कपाटामागच्या भिंतीवर काळी-हिरवी बुरशी. ओले राहिलेले कापड एक-दोन दिवसांत बुरशी धरते.

"दादा, इथं पाणी टाकणं सोपं हाय, वाळवणं अवघड," असे बहीण म्हणाली. तिची सगळी पद्धत या एका वाक्यात आहे. आधी झाडू, मग घट्ट पिळलेले फडके, शेवटी कोरडे फडके. पाऊस थांबून ऊन पडले की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. तेलकट ओट्याला रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचे पाणी. न्हाणीघराच्या टाइल्सना सिरक्याचे फडके. मात्र शहाबादी फरशीला सिरका किंवा लिंबू लावू नये. तो दगड चुनखडीचा, आंबट पदार्थ त्याला खातो. भिंतीवरची बुरशी कोरडी झाडू नये, तिचे कण छातीत जातात. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी आणि जागा वाळवावी. नळ गळत असेल तर तो आधी दुरुस्त करावा, नाहीतर बुरशी पुन्हा हजर.

मिठागरांच्या या गावात बरणीतले मीठ पाणी सोडते. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून तिथे मिठाच्या पाण्याने फरशी पुसली तर ती चिकट आणि ओलसरच राहते. चिंच-मिठाने घासलेले पितळही लगेच धुऊन कोरडे करावे लागते.

बहीण चार घरची धुणीभांडी, साफसफाई करते. एका घरी तिला संडासात अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतायला सांगितले, का तर डाग लवकर निघतात. दार लोटलेले, खिडकी बंद. क्षणात डोळे चुरचुरले, खोकल्याची उबळ आली, म्हणून ती धावत बाहेर आली. या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू तयार होतो. तो फुप्फुसांना इजा करतो आणि बंद जागेत जीवही घेऊ शकतो. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, तेव्हा धोका अधिक. घर चकचकीत दिसते एकाचे आणि छाती जाते दुसऱ्याची, हा कुठला न्याय?

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट केवळ खाडीकाठची नाही. आमच्या नायगावातही आता सिमेंटची घरे आणि तेलरंगाच्या भिंती आल्या. श्रावणात बंद खोल्यांना ओल धरते, आणि दुकानात त्याच बाटल्या मिळतात. आपल्या अनेक भगिनी शहरात घरकामावर पोट भरतात. त्यांनी दोन बाटल्या एकत्र करण्यास स्पष्ट नकार द्यावा. महिला मंडळाच्या बैठकीत दहा मिनिटे हा विषय घ्यावा. आणि पुरुष मंडळींनी सुटीच्या दिवशी कोरडे फडके स्वतः हाती धरावे. मूठभर रिठे, जुने सुती कापड आणि उघडी खिडकी, एवढ्याला काही फार पैसा लागत नाही.