चूक शोधण्याची विद्या

आपणच लिहिलेला मजकूर आपण वाचू लागलो, की डोळे कागदावरचे शब्द वाचीत नाहीत. मनात योजलेले शब्द वाचतात. म्हणूनच लेखकाने तपासलेली मुद्रिते पुन्हा दुसऱ्या माणसाच्या हाती देण्याची रीत छापखान्यात पडली. संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची गत याहून निराळी नाही. फरक इतकाच, की एखादा अर्धविराम गळाला तरी सुजाण वाचक अर्थ सावरून घेतो. संगणक तसे औदार्य दाखवीत नाही.

गेली दोन वर्षे दर शनिवारी दुपारी शाळेच्या संगणकाच्या खोलीत बसण्याचा योग आम्हांस लाभला आहे. आम्ही याच शाळेचे माजी विद्यार्थी. प्रोग्रॅम लिहिणे हा आमचा चरितार्थाचा व्यवसाय. म्हणून अकरावी-बारावीची मुले जाव्हा ही भाषा शिकू लागली, की त्यांच्या शेजारी जाऊन बसतो. आमच्या बडोद्यातील मुलांच्या घरी मराठी, बाजारात गुजराती आणि पडद्यावर इंग्रजी. त्या पडद्यावर लाल अक्षरांचा एक परिच्छेद उमटला, की भल्याभल्यांची तोंडे उतरतात. जणू त्यांच्या बुद्धीवर कोणी ताशेरेच ओढले! एका मुलीने तर आम्हांस स्पष्ट सांगितले, "दादा, मी हा विषय सोडते. माझे इंग्रजी कच्चे आहे." इंग्रजी कच्चे असणे आणि चूक शोधता न येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तिला पटवून देणे आम्हांस अगत्याचे वाटले, कारण या समजुतीपायी पुष्कळ चांगली मुले या विद्येच्या दारातूनच परत फिरतात.

प्रथम ही भाषा कशी आहे ते पाहू. जाव्हाचा आरंभ १९९१ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झाला. जेम्स गॉसलिंग हे तिचे प्रमुख रचनाकार. घरगुती विद्युत उपकरणांसाठी योजलेल्या या भाषेचे पहिले नाव 'ओक' असे होते. १९९५ साली ती 'जाव्हा' या नावाने जगापुढे आली. तिचा स्वभाव शिस्तप्रिय शिक्षकासारखा आहे. आपण लिहिलेला प्रोग्रॅम प्रथम 'कंपायलर' तपासतो, आणि तो व्याकरणशुद्ध असेल तरच पुढे चालू देतो. तो चालू झाल्यावरही कोणी हद्दीबाहेर पाऊल टाकले, तर ही भाषा तेथेच थांबवून तसे सांगते. तेव्हा लाल अक्षरे म्हणजे शिक्षा नव्हे. कोठे पाहावे याची ती सूचना होय.

नवशिक्यांच्या चुका तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार व्याकरणाचा. अर्धविराम राहिला, अवतरणचिन्ह मिटले नाही, महिरपी कंस उघडला पण बंद केला नाही, अशा चुका कंपायलर धरतो. तो ओळीचा क्रमांक देतो, ती ओळ उतरून दाखवितो आणि तिच्याखाली मुद्रिते तपासणाऱ्याच्या काकपदासारखी खूण करतो. यापेक्षा अधिक साहाय्य ते कोणते करावे? मात्र त्या खुणेचा अर्थ 'मी येथे अडखळलो' इतकाच असतो. 'चूक येथेच आहे' असा नेहमीच नसतो. बंद न झालेला कंस दहाव्या ओळीपाशी असला, तरी तक्रार बहुधा प्रोग्रॅमच्या शेवटच्या ओळीवर येते. कारण तेथे पोहोचेपर्यंत कंपायलर बिचारा कंस मिटण्याची वाटच पाहत असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. बेरजेच्या चलाचे नाव सांगताना त्याचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहिले आणि पुढे दहा ठिकाणी लहान लिपीत वापरले, तर दहा तक्रारी येतील. चूक मात्र एकच! म्हणून सर्वांत वरची तक्रार आधी वाचावी, तेवढी दुरुस्त करावी आणि पुन्हा तपासणीस द्यावे. खालच्या पुष्कळ तक्रारी आपोआप नाहीशा होतात.

दुसरा प्रकार प्रोग्रॅम चालू असताना उद्भवणाऱ्या चुकांचा. वर उल्लेखिलेल्या मुलीचा प्रोग्रॅम असाच अडला होता. पाच विषयांचे गुण एका यादीत ठेवून ते क्रमाने छापावयाचे होते. पाचही गुण नीट उमटले आणि मग लाल अक्षरे आली. ती रडकुंडीस आली. शेजारच्या मैत्रिणीने खुर्ची जवळ ओढली आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली : "इंडेक्स ५ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ५."

"म्हणजे काय गं?"

"क्रमांक पाच हा हद्दीबाहेर आहे. लांबी पाच."

"पण विषय पाचच आहेत ना?"

"तू मोजायला कोठून सुरुवात केलीस?"

"शून्यापासून," ती म्हणाली, आणि बोटे मोजू लागली. शून्य, एक, दोन, तीन, चार. बोटे पाच झाली आणि आकडा मात्र चारवर थांबला. जाव्हात यादीतील क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर. पहिल्या जागेचे अंतर शून्य, म्हणून पाचव्या जागेचे चार. आवर्तनाच्या अटीत 'पाच किंवा त्याहून कमी' असे होते, ते तिने 'पाचाहून कमी' असे केले. लाल अक्षरे गेली. ते वाक्य मराठीत सांगताच चूक तिची तिनेच शोधली. इंग्रजी कच्चे होते ते त्या दिवशीही कच्चेच राहिले. त्यावाचून काही अडले नाही. जाव्हाच्या तक्रारींत नित्य येणारी वाक्ये वीस-पंचवीसच्या वर फारशी नसतात. ती वहीत उतरून त्यांचा अर्थ आपल्या भाषेत लिहून ठेवला, की निम्मे भय ओसरते. तिने तशी वही केली आहे, आणि आज ती वही वर्गातील इतर मुलेही मागून नेतात.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. येथे कंपायलर गप्प, प्रोग्रॅम सुरळीत, आणि उत्तर चुकीचे! पाच विषयांत एकूण ४३१ गुण, तर सरासरी ८६.२ हवी, पडद्यावर येते ८६. कारण असे, की पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर जाव्हा पूर्णांकच देते. उरलेला अंश ती निमूटपणे टाकून देते. दुसरे उदाहरण परवलीच्या शब्दाचे. ठरविलेला शब्द आणि वापरणाऱ्याने टंकलेला शब्द अक्षरशः एक असूनही प्रोग्रॅम म्हणतो, 'जुळत नाही'. दोन बरोबरीच्या चिन्हांनी केलेली तुलना 'या दोन वह्या म्हणजे एकच वही काय?' असे विचारते. आपल्याला तर 'दोन्ही वह्यांत लिहिलेले सारखे आहे काय?' असे विचारावयाचे असते. त्यासाठी 'इक्वल्स' हा निराळा प्रयोग आहे. अशा चुका यंत्र सांगत नाही. येथे दुसऱ्या माणसाची दृष्टी खरी उपयोगी पडते, कारण आपण काय योजले होते हे त्याला ठाऊक नसते; तो लिहिलेले तेवढेच वाचतो.

परंतु दुसऱ्याची दृष्टी मागण्याचीही एक रीत आहे. 'माझे चालत नाही, पाहा ना!' एवढे म्हटल्याने कोणासही काही बोध होत नाही. वैद्याकडे जाऊन 'मला बरे नाही' एवढेच सांगण्यासारखे ते आहे. काय लिहिले, काय होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले आणि आजवर कोणते उपाय करून पाहिले, या चार गोष्टी सांगाव्यात. तक्रारीचा मजकूर जसाच्या तसा दाखवावा. आठवणीतून सांगू नये. आणि दोनशे ओळींचा प्रोग्रॅम पुढे करण्याऐवजी, ज्यांवाचून चूक तशीच राहते अशा ओळी काढून टाकीत त्याचा संक्षेप करावा. दहा-बारा ओळी उरल्या म्हणजे कित्येकदा चूक स्वतःसच दिसते व विचारण्याचे कारणच उरत नाही. १९९९ साली अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांनी 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या ग्रंथात एक गमतीचा उपाय सांगितला आहे. मेजावर रबरी बदक ठेवावे आणि आपला प्रोग्रॅम ओळीओळीने त्यास समजावून सांगावा. बदक बोलत नाही. पण समजावून सांगताना आपल्यालाच ऐकू येते, की आपण म्हणतो एक आणि लिहिले आहे दुसरे.

साहाय्य करणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, आणि ते विचारणाऱ्याच्या कर्तव्याहून कठीण आहे. ज्याला चूक चटकन दिसते त्याचे हात शिवशिवतात. तो कळफलक ओढून घेतो, चार अक्षरे बडवतो आणि 'झाले!' म्हणून निघून जातो. प्रोग्रॅम चालू लागतो. परंतु शिकणारा होता तेथेच राहतो, आणि पुढील शनिवारी तीच चूक घेऊन पुन्हा उभा राहतो. म्हणून आमच्या खोलीत एक नियम आहे : सांगणाऱ्याने कळफलकास हात लावू नये. त्याने प्रश्न विचारावेत. या ओळीशी आल्यावर चलाची किंमत किती असेल? तुला वाटते तेवढीच आहे काय? खात्री नसेल तर तेथे ती छापून पाहा. मैत्रिणीने त्या मुलीस 'कोठून सुरुवात केलीस?' एवढेच विचारले होते. त्या एका प्रश्नाने जे साधले, ते आयत्या उत्तराने खचित साधले नसते.

चुकणे हा केवळ नवशिक्यांचा धर्म आहे, असेही कोणी समजू नये. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी गोष्ट शोधताना यादीचा मध्य पाहावा आणि निम्मी यादी सोडून द्यावी, ही 'बायनरी सर्च' नावाची रीत प्रसिद्ध आहे. जाव्हाबरोबर मिळणाऱ्या सामग्रीत ती जोशुआ ब्लॉक या निष्णात प्रोग्रॅमलेखकाने लिहिली होती. मध्य काढण्यासाठी आरंभ व शेवट यांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनाने भागले होते. दिसावयास किती निर्दोष! परंतु जाव्हातील साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. बेरीज त्याहून मोठी झाली, की ती उलटून ऋण होते. यादी शंभर कोटींहून मोठी होईपर्यंत ही चूक दिसण्याचा संभवच नव्हता, म्हणून ती सुमारे नऊ वर्षे दडून राहिली. अखेर कोणा एकाचा प्रोग्रॅम अडला, त्याने तसे कळविले, आणि २००६ साली ब्लॉक यांनी ही चूक आपलीच असल्याचे स्वतः लिहून साऱ्या जगास सांगितले. दुरुस्ती एका ओळीची होती. ती सुचण्यास मात्र दुसऱ्या कोणाचा अनुभव कारणी लागला.

विद्यार्थिमित्रहो, पडद्यावर लाल अक्षरे उमटली, तर खोली सोडून जाऊ नका. वरची ओळ आपल्या भाषेत वाचा, प्रोग्रॅम लहान करा आणि शेजाऱ्यास नीट विचारा. शेजाऱ्याने विचारले, तर हात मागे ठेवून त्याला प्रश्न करा. शेजारी कोणी नसेल, तर बदक आहेच!