ताजमधला मुक्काम आणि रावसाहेब वैद्य

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. कुळगावकरांना हे अंतर पाठ असतं, कारण बहुतेकांनी ते वर्षानुवर्षं उभ्यानेच कापलेलं असतं. या वेळी मात्र दुपारची लोकल होती, खिडकी मिळाली होती आणि उतरून ऑफिस गाठायचं नव्हतं. कुलाब्याला, अपोलो बंदरावरच्या ताजमध्ये मुक्काम होता. लेकीने हट्टाने खोली घेतली होती.

टॅक्सी गेटवेजवळ आली तशी ही म्हणाली, "हॉटेल उलटं बांधलं म्हणून इंजिनिअरने जीव दिला म्हणतात, खरं का हो?"

ही दंतकथा मुंबईत सर्रास ऐकू येते आणि मला तिचा राग येतो. इमारत उलटी नाही. जमशेटजी टाटांचं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं, तेव्हा गेटवे नव्हताच. तो पुरा झाला १९२४ साली. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराच्या बाजूने येत. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, तिथे मुख्य दार होतं.

आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम संपण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. जीव देणारा तो इंजिनिअर सगळ्यांना ठाऊक. रावसाहेबांचं नाव मराठी घरांतही कुणी घेत नाही.

संध्याकाळी आम्ही जुन्या भागातल्या मधल्या जिन्यावर बराच वेळ रेंगाळलो. सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी बांधलेला हा जिना अधांतरी वाटतो. वर घुमट, खाली गालिचा आणि मजल्यामजल्याला वळणारे कठडे. खोलीतला पलंग, न्याहारी सगळं उत्तमच. पण पैसे वसूल झाले ते इथे. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचं रुग्णालय होतं. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथे ३१ जणांचे प्राण गेले, त्यांचं स्मारक आत आहे. त्यापुढे ही हात जोडून उभी राहिली. जळालेला जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

गावाकडचे पाहुणे गेटवे दाखवायला न्याल, तेव्हा उलट्या हॉटेलची गोष्ट सांगू नका. सीताराम खंडेराव वैद्य हे नाव सांगा.