बांधावरची सुई

माझ्याआधी आईची दोन बाळं दहाव्या दिवसाच्या आत गेली. सटवाई पुजून झाली की एक-दोन दिवसांत बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं. वरसे गावातल्या आमच्या घरी बाळंतपण घरातच व्हायचं आणि नाळ कापायला हाताशी असेल तो विळा.

माझ्या वेळी नर्सबाई आल्या. आजीचं म्हणणं, पोटुशीला सुई नको. बाईंनी वाद घातला नाही. लावणीच्या चिखलात उतरून आईला बांधावर बोलावलं आणि तिथेच टीटी, म्हणजे धनुर्वाताची लस दिली. महिन्याने दुसरी सुई.

ते ऋण केवढं, हे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना कळलं. धनुर्वाताचा जंतू गुराघोड्यांच्या आतड्यातून शेणात, शेणातून मातीत येतो आणि बीजाणू होऊन वर्षानुवर्षं टिकतो. कितासातो यांनी १८८९ मध्ये तो वेगळा काढला, तो या चिवटपणाच्या आधारानेच: ८० अंशांच्या उष्णतेत बाकीचे जंतू मेले, बीजाणू उरले. पुढच्याच वर्षी बेरिंग आणि त्यांनी दाखवलं की धनुर्वाताला न बधणाऱ्या सशाचं रक्तद्रव टोचलं तर उंदीर वाचतो. घटसर्पावर मात्र त्या रक्तद्रवाचा उपयोग नाही.

त्या रक्तद्रवातल्या प्रतिपिंडाची ओळख इतकी नेमकी. टीटीमुळे तयार झालेलं प्रतिपिंड तर बीजाणूलाही ओळखत नाही. प्रथिनांच्या जाड कवचात तो झोपलेला असताना विष बनलेलंच नसतं. प्राणवायू न पोचणाऱ्या जखमेत तो रुजला, विष सुटलं, की प्रतिपिंड त्या विषाला मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधी धरतं. आणि हे विष इतकं जहाल, की जीव घेणारी मात्राही शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवायला अपुरी पडते. धनुर्वातातून उठलेल्यालासुद्धा लस घ्यावीच लागते. म्हणजे जन्मभर शेणामातीत राबलेल्या माझ्या आईकडे मला द्यायला हे संरक्षण नव्हतंच. वारेतून माझ्यापर्यंत जे आलं, ते बाईंनी आधी तिला दिलं होतं.

२०१५ मध्ये भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा पेढे घेऊन मी रोह्याला बाईंकडे गेलो. बायको सोबत होती, तिला पाचवा महिना. मी हे सगळं सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे मातीतले बीजाणू आहेत तसेच आहेत?"

"हो बाई."

त्या माझ्या बायकोकडे वळल्या. "पोरी, तुझे दोन्ही डोस झाले का?"